उपमंत्र्यांचं गाव कुठलं?

"लिहून घे लेकरा," आक्का म्हणाल्या, "त्यो माझा कुणी न्हाई."

मी लिहून घेतलं. वहीत वर गावाचं नाव टाकलं, वडगाव रासाई, तालुका शिरूर, आणि खाली लिहिलं, 'कोणी नाही.' आक्कांनी माझ्या भाकरीवर पिठलं वाढलं, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि चुलीतलं लाकूड मागे ओढता ओढता विचारलं, "खोकला कसा हाय म्हनं त्येचा? थंडीत लई बेजार व्हायचं."

"कुणाचा?"

"कुणाचा न्हाई. तू जेव."

सकाळपासून माझं हेच चाललं होतं. डोकं पार गरगरायला लागलं होतं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका दैनिकाचा दौंडचा वार्ताहर होतो. वार्ताहर म्हणजे ऑफिसात टेबल-खुर्ची असलेला रिपोर्टर नव्हे. ऑफिस पुण्यात, आपण तालुक्यात. बाजार, सभा, कुस्त्या, घसरलेली मालगाडी, जे काही घडेल ते लिहायचं, पाकिटात घालायचं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरच्या गार्डाकडे द्यायचं. पुणे स्टेशनवर ऑफिसचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. त्या मजकुराला आम्ही कॉपी म्हणायचो. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. आपला पोरगा रेल्वेत चिकटायचा सोडून गार्डाला पाकिटं देत हिंडतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या भागातले एक गृहस्थ उपमंत्री झाले. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. आमच्या वृत्तसंपादकांचं पत्र आलं. वृत्तसंपादक म्हणजे कुठली बातमी घ्यायची आणि कुठली केराच्या टोपलीत टाकायची ते ठरवणारा माणूस. पत्रात लिहिलं होतं, 'युसूफ, रविवारच्या पुरवणीत मंत्र्यांचं गाव असं अर्धं पान करायचंय. घर, शाळा, बालपणीचे दोन किस्से, एक फोटो. बाय-लाइन देऊ.' बाय-लाइन म्हणजे लेखावर आपलं नाव. चार वर्षांत माझं नाव एकदाही छापून आलं नव्हतं. मी ते पत्र अम्मीला वाचून दाखवलं.

काम सोपं वाटत होतं. दादासाहेबांचं गाव खुटबाव. दौंडहून पॅसेंजरने तासाभरात. तिथल्या सरपंचांनी माझं असं स्वागत केलं, की जणू मीच शपथ घेऊन आलो होतो. चहा झाला, नारळ झाला, घर दाखवलं, विहीर दाखवली, मळा दाखवला.

"लहानपणी कसे होते दादासाहेब?" मी विचारलं.

"हुशार," सरपंच म्हणाले.

"एखादी आठवण? काही खोड्या?"

"खोड्या?" सरपंचांनी शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने छपराकडे पाहिलं. "खोड्या न्हाईत. हुशारच."

"पोहायला कुठे जायचे?"

पुन्हा छप्पर. मी गावभर फिरलो. मॅट्रिकला पास झाले तेव्हा पेढे कुणी वाटले, लग्नात वरात कुठून कुठे गेली, पहिल्या निवडणुकीत कुणी घसा बसवून घेतला, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण त्यांच्या वयाच्या दहाव्या वर्षाआधीचं काही विचारलं की सगळे गप्प. उपमंत्री जणू दहा वर्षांचेच जन्माला आले होते. शेवटी शाळेत गेलो. मास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं. त्यात दादासाहेबांचं नाव थेट पाचवीत होतं आणि समोर शेरा होता, 'वडगाव रासाई शाळेच्या दाखल्यावरून.'

"हे वडगावला कसे काय?" मी विचारलं.

मास्तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे काय? तिकडूनच आले ना ते," एवढंच म्हणाले आणि रजिस्टर मिटलं. त्यांना घाई होती, मलाही गाडी गाठायची होती. पुढे काही विचारायचं मला सुचलं नाही. तिथेच माझी चूक झाली, पण ते कळायला मला शनिवार उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी केडगावला उतरलो, भाड्याची सायकल घेतली आणि भीमेच्या काठाला आलो. पलीकडे वडगाव. होडीवाल्याला म्हटलं, "दादासाहेबांच्या गावाला जायचंय."

"मग हिकडं कुठं? त्येंचं गाव खुटबाव. वडगावचा आन् त्येंचा काय बी संबंध न्हाई."

होडी मधोमध आली. होडीवाल्याने बांबूने एक काळा खडक दाखवला. "त्यो खडक बगा. पुरात हितनं उडी टाकलीवती. नऊ वर्साचं पोर! आमच्या बानं केस धरून वडून काढलं."

"कुणी टाकली उडी?"

तो एकदम गप्प झाला. "हुतं कुनीतरी. आमचं न्हाई."

गावात पोचल्यावर तर कहरच झाला. चिंचेखाली बसलेल्या माणसांनी मला दादासाहेब कुठल्या फांदीवरून पडले ते दाखवलं. कुणाच्या शेतातल्या शेंगा उपटल्या ते सांगितलं. कुठल्या मास्तरच्या टोपीत खेकडा सोडला तेही सांगितलं. प्रत्येक गोष्ट रंगात यायची आणि मग सांगणारा दचकून थांबायचा. "पर आमचं न्हाई हां त्ये. लिवा तसं." गावचे पाटील, त्यांना सगळे आबा म्हणत, खास उठून माझ्या वहीत डोकावले. "लिवलं का? वडगावचा संबंध न्हाई, आसं?" लिहिलं म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग ऊन लागलं म्हणून होडीवाला मला आक्कांच्या घरी पाणी प्यायला घेऊन गेला, आणि तिथे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

घरी येऊन मी विचार करकरून थकलो. एका गावाला बालपण माहीत नाही पण माणूस आमचा म्हणतात. दुसऱ्याला बालपण पाठ आहे पण माणूस नाकारतात. याचा एकच अर्थ मला लागला. दादासाहेबांनी वडगावात काहीतरी भयंकर केलं असलं पाहिजे, आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं असलं पाहिजे. मी रात्रीतून कॉपी लिहिली. मथळा दिला, 'जन्मगावानेच नाकारलेला उपमंत्री.' मला तो फार आवडला. शुक्रवारच्या पॅसेंजरने पाकीट रवाना केलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखा झोपलो.

शनिवारी सकाळी स्टेशनजवळच्या आडत्याकडे माझ्यासाठी पुण्याहून ट्रंक कॉल आला. परगावचा फोन तेव्हा एक्स्चेंजमधून जोडून मिळायचा आणि तीन मिनिटांत बोलणं आटपावं लागायचं. वृत्तसंपादकांनी पहिलं मिनिट नुसतं ओरडण्यात घालवलं.

"तुझी कॉपी कंपोझ होऊन गॅलीत पडलीय! मी प्रूफ वाचलं म्हणून, नाहीतर उद्या आपण दोघं घरी बसलो असतो! मूर्खा, तो माणूस दत्तक गेला असेल!"

गॅली म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या अक्षरांची, लांब पट्टी. तिच्यावरून कच्चा छाप काढतात तो प्रूफ. त्यानंतर फक्त मशीन.

"दत्तक?" मी म्हणालो.

"का, दत्तक माहीत नाही?"

माहीत होतं. शब्द माहीत होता. पण आमच्यात दत्तक नसतं. भावाचं, बहिणीचं पोर सांभाळतात, शिकवतात, लग्नं करून देतात, पण बापाचं नाव बदलत नाही. माझ्या चाचांनी असाच एक पोरगा वाढवला होता, आणि त्याचा सख्खा बाप दर ईदला आमच्याकडे शिरखुर्मा खायला यायचा. माणूस एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातो आणि मागचं सगळं पुसतो, हे माझ्या डोक्यातच येईना. हिंदू वार्ताहर असता तर त्याला रजिस्टरमधला तो शेरा वाचतानाच उमगलं असतं. मास्तरांना, सरपंचांना, सगळ्यांना वाटलं, की एवढं याला ठाऊकच असणार. लपवत कुणीच नव्हतं. 

"पण मग वडगाव नाकारतं कशाला?" मी कसंबसं विचारलं. "दत्तक गेलेल्याला गाव काही वाळीत टाकत नाही ना?"

 "नाही टाकत," वृत्तसंपादक म्हणाले. "तेही विचित्रच आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत शोध." आणि तीन मिनिटं संपली.

पुन्हा केडगाव, पुन्हा सायकल, पुन्हा होडी. या वेळी मी थेट आबा पाटलांसमोर बसलो आणि म्हटलं, "आबा, दादासाहेब इथून दत्तक गेले. आक्का त्यांच्या आई."

आबांनी भोवतालच्या माणसांना हाताने उठवलं. सगळे गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "तुमाला हे कुनी सांगितलं? आमच्यातल्या कुनी सांगितलं आसंल तर त्येचं नाव सांगा."

"कुणी नाही. पुण्याहून कळलं."

"मग बरं," आबा म्हणाले, आणि मग सांगायला लागले.

दादासाहेबांचं मूळ नाव किसन. खुटबावच्या घरात मूलबाळ नव्हतं. आक्कांची लांबची बहीण त्या घरात दिलेली. तिने किसनला मागितलं, दोन्ही घरांनी ठरवलं, दत्तविधान झालं. पण खुटबावच्या भावकीतल्या एकाला आपला पोरगा त्या घरात जावा असं वाटत होतं. त्याने कोर्टात दावा लावला, की हे दत्तक खरं नाहीच. पोरगा अजून वडगावचाच आहे, आई त्याला जेवू घालते, गाव त्याला आपला म्हणतं.

"वकिलानं किसनच्या बापाला सांगितलं, गावातल्या येका मानसाच्या तोंडनं जरी आमचा म्हनून निघालं, तरी साक्ष फिरंल. पोराचं वाटुळं हुईल. मग समद्या गावानं देवळात बेलभंडार उचलला."

बेलभंडार उचलणं म्हणजे बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन शपथ घेणं. शपथ अशी होती, की दावा मिटेपर्यंत किसन आमचा नाही. वकील नेमकं काय बोलला आणि गावाने त्याचा काय अर्थ लावला, हे मला आजही सांगता येणार नाही. पण गावाने शब्द पाळला. किसनचा बाप पुढे दोन वर्षांत वारला.

"मग दाव्याचं काय झालं?" मी विचारलं.

"चालू हाय की."

"तीस वर्षं?"

"मिटला म्हनून कुनी सांगाय आलं न्हाई," आबा म्हणाले. "कोरटाचं काय, चालतंय वर्सानुवर्सं. उडत उडत कानावर आलंवतं. पर आईकीव गोष्टीवर भंडार कसा सुटंल? ज्यानं दावा लावला त्येनं चावडीवर यिऊन सांगाय पायजे."

मी त्याच दुपारी खुटबाव गाठलं. सरपंचांना विचारलं, "तो दत्तकाचा दावा कुणी लावला होता?"

सरपंचांच्या तोंडातला चहा तसाच राहिला. "आमच्या बापानं," ते म्हणाले. "त्या घरात मला घालायचं हुतं. आता त्ये कशाला उकरता? दुसरी मोठी लढाई लागायच्या जरा आधी माघार घेतली. मी तर दादासाहेबांच्या निवडणुकीत म्होरं हुतो."

"मग वडगावला कळवलंत?"

"त्यांना काय कळवायचं? दावा आमचा, माघार आमची. त्यांचा काय संबंध?"

मला हसावं की रडावं ते कळेना. इकडे दावा मिटून वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि तिकडे नदीपलीकडे एक अख्खं गाव दातांत जीभ धरून बसलं होतं. आणि एक म्हातारी बाई पोटच्या पोराला 'कुणी नाही' म्हणत बसली होती. बाय-लाइन माझ्या डोक्यातून गेली. हे आता सुटलं पाहिजे, एवढंच मला वाटायला लागलं. आक्का काही आता कायमच्या पुरणार नव्हत्या.

त्याच आठवड्यात दादासाहेब दौंडच्या विश्रामगृहात मुक्कामाला होते. त्यांच्या पीएने मला पाच मिनिटं दिली.

"खुटबावचं छान लिहा," दादासाहेब म्हणाले. "शाळेच्या नव्या खोल्यांचं घ्या त्यात."

"आणि वडगाव?"

त्यांचा चेहरा बदलला. "ते नको. मॅट्रिक झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो होतो तिकडे. बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, 'कोन पाव्हणं? कुनाकडं आलाय?' मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, 'आसा कुनी ठावा न्हाई.' गावातले लोक तोंड फिरवून उभे. मी पेढे नदीत टाकले. त्यानंतर गेलो नाही. देऊन टाकलेल्या पोराशी असंच वागत असतील."

'आई' हा शब्द त्यांनी वापरला नाही. 'बाई' म्हणाले. आणि ज्या वर्षी ते पेढे घेऊन गेले, त्या वर्षी दावा चालू होता.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. वार्ताहराने विचारायचं असतं, सांगायचं नसतं. मी तो तिथे मोडला. बेलभंडार, चावडी, माघार, जे ऐकलं होतं ते सगळं सांगून टाकलं. पीए घड्याळ दाखवत होता. दादासाहेबांनी त्याला हाताने थांबवलं.

"मला हे कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कुणाला विचारलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं. पीएने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता बापाचं ऐकून रेल्वेत अर्ज करावा लागणार.

पण दादासाहेब खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "आधी त्या लोकांना मोकळं करा. मग मी येतो."

सरपंच वडगावला यायला तयार नव्हते. त्यांना पाण्याची भीती वाटते, पाठीत उसण भरलीय, अशी बरीच कारणं निघाली. दादासाहेबांचा निरोप आहे म्हटल्यावर उसण गेली. चावडीवर आबा पाटलांसमोर उभं राहून त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "आमच्या वडलांचा दावा मिटलाय. लई दिस झालं." आबांनी ते तीनदा वदवून घेतलं. मग सगळे देवळात गेले, भंडार परत देवाच्या पायांवर वाहिला, आणि बाहेर आल्याबरोबर एकाच वेळी सगळं गाव बोलायला लागलं. आमचा किसन! आमच्या वाड्याच्या भिंतीवरनं उडी मारायचा! आमच्याच म्हशीच्या शेपटीला धरून नदी पार केली! तीस वर्षांचं साचलेलं एका दुपारी बाहेर आलं. लिहून घेता घेता माझा हात दुखला. इतका आनंद मला स्वतःला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

त्याच आनंदात धावत आक्कांकडे गेलो. "आक्का, सुटलं! आता तुम्ही म्हणू शकता माझा किसन म्हणून!"

आक्का तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. "मी कुठं भंडार उचललावता?" त्या म्हणाल्या. "बायका न्हवत्या त्यात. गडी मानसांनी उचलला."

मी खाली बसलो. "मग तुम्ही का नाही म्हणत होता? पेढे घेऊन आले तेव्हासुद्धा?"

"लेकरा, ह्या हातानं मी त्येला त्या माऊलीच्या वटीत घातला. वर पानी सोडलं. त्ये पानी काय परत भरून घ्येता येतं? तिला दुसरं कोन हुतं? त्यो येकदा मला आई म्हनला आसता, तर तिच्या मागं काय ऱ्हायलं आसतं?"

"पण खुटबावच्या आई तर चार वर्षांपूर्वी वारल्या, सरपंचांनी सांगितलं मला."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "ती हयात आसती तर येखाद येळा विचारलं तरी आसतं, बाई, घटकाभर म्हनू का त्येला माझा? आता कुनाला विचारू?"

 मला हे बरोबर वाटत होतं की चूक, ते समजत नव्हतं. मला राग आला होता एवढं नक्की. कुणाचा, ते मात्र सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी दादासाहेब होडीतून आले. पीएला आणि पोलिसांना त्यांनी अलीकडच्या काठावर ठेवलं. वडगावने हार घातले, लेझीम खेळली, चिंचेची ती फांदी दाखवली. ते सगळीकडे हसत होते, पण नजर सारखी आक्कांच्या घराकडे जात होती. मी वाटेत त्यांना आक्कांचं बोलणं सांगून ठेवलं होतं. 

आक्का दारात उभ्या होत्या. आबा मोठ्याने म्हणाले, "आक्का, किसन आलाय गं! आता मन मोकळं कर!" सगळं गाव श्वास रोखून बघत होतं.

आक्कांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "या," त्या दादासाहेबांना म्हणाल्या. "खुटबावहून आलाय. उन्हाचं आलाय. जेवून जावा."

गावात एकदम चुळबुळ झाली. दादासाहेब वाकून आत गेले आणि म्हणाले, "व्हय, खुटबावचाच. भूक लागलीय."

आक्कांनी घोंगडी अंथरली, ताट मांडलं आणि समोर बसल्या. मला पहिल्या भेटीपासून 'लेकरा' म्हणणारी ती बाई त्यांच्याशी एकदाही एकेरीत बोलली नाही. मात्र किती वाढू असं तिने त्यांना एकदाही विचारलं नाही. ताटातलं संपायच्या आत पुढचं पडत होतं. दादासाहेब खाली मान घालून जेवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आक्का ते बघत होत्या आणि वाढत होत्या. मी दौंडच्या स्टुडिओतून मागून आणलेला कॅमेरा डोळ्याला लावला, कारण मला माझे डोळे कुठेतरी लपवायचे होते. एकच फोटो काढला.

मग अडचण आली ती कॅप्शनची. कॅप्शन म्हणजे फोटोखालची ओळ. फोटोत कोण आहे, कुठे आहे आणि एकमेकांचं कोण लागतं, हे तिच्यात आलंच पाहिजे. कॉपीबरोबर मी जी ओळ पाठवली, ती वाचून शनिवारी पुन्हा ट्रंक कॉल आला.

"फोटो झकास आहे. छापण्यासाठी ब्लॉक बनवायला दिलाय. पण कॅप्शनमध्ये ही बाई कोण ते का नाही? 'आईच्या हातची भाकरी' असं देतो."

"तसं देऊ नका साहेब."

"का? आई नाही का ती?"

"आहे."

"मग?"

"त्या म्हणत नाहीत."

"आणि मंत्री?"

"तेही म्हणाले नाहीत."

"युसूफ, तू वार्ताहर आहेस का वकील?" ते ओरडले.  तीन मिनिटं संपत आली तेव्हा म्हणाले, "त्या बाईंनी का नाही म्हटलं?"

मी सांगितलं. आणखी तीन मिनिटं त्यांनी मागून घेतली. सगळं ऐकल्यावर फक्त "हं" म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारचा अंक घेऊन मी वडगावला गेलो. लेखावर माझं नाव होतं, पण ते कुणी पाहिलं नाही. आक्कांना वाचता येत नव्हतं. मी फोटोखालची ओळ वाचून दाखवली, "उपमंत्री वडगाव रासाई येथे एका घरी भोजन करताना."

"माझं नाव घातलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"ब्येस केलंस." त्यांनी अंक हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. फोटोतल्या ताटावर बोट ठेवून म्हणाल्या, "बग, दुसरी भाकर अर्धीच खाल्ली त्येनं."

दादासाहेब त्यानंतर दर महिना-दोन महिन्यांनी नदी ओलांडून जेवायला जात. दौऱ्याच्या कागदावर पीए त्यापुढे 'खासगी' असं लिहायचा. तिथे ते एकमेकांना काय म्हणत, हे मी कधी विचारलं नाही.

वृत्तसंपादकांचं पत्र मात्र आलं. त्यात त्यांनी मला झापलं होतं. कॅप्शनमध्ये नाव, गाव आणि नातं हवंच, नसेल तर फोटो छापू नये, हा नियम यापुढे मोडलास तर बाय-लाइन विसर. नियम बरोबरच आहे. पुढे मी पुण्याला सब-एडिटर झालो, तेव्हा नव्या वार्ताहरांना पहिल्याच दिवशी तो शिकवायचो. शिकवताना हा फोटो कधी दाखवला नाही.